गणपतीतलं क्विझ आणि गच्चीवरचं पाणी

बी-४०२ : नमस्कार मंडळी, शनिवारी मुलांचं क्विझ आहे पाचवी ते आठवीचं, प्रश्न सुचतील तसे इथे टाका, पण फॉरवर्ड आलेले जसेच्या तसे नकोत प्लीज. गेल्या वर्षी राष्ट्रीय खेळ हॉकी असं उत्तर धरलं होतं आपण, सरकारने कुठलाच खेळ राष्ट्रीय म्हणून जाहीर केलेला नाही, मुलं चुकीचं शिकून घरी गेली ह्याचं मला अजून वाईट वाटतं.

ए-१०१ आजोबा : शनिवारवाड्याची पायाभरणी कधी? १० जानेवारी १७३०.

डी-२०२ : आजोबा तारीख पाठ करतील आणि विसरतील, त्यापेक्षा दिल्ली दरवाजा हे नाव का ते विचारू. तो उत्तरेला तोंड करून आहे, दिल्लीच्या दिशेला.

ए-१०१ आजोबा : हे बरं आहे. घ्या.

सी-३०१ काकू : टीव्हीवर एक घ्या ना, मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, आणि पुण्यात चित्र दिसायचं ते सिंहगडावरच्या टॉवरमुळे. आमच्या वाड्यात एकाच घरी सेट होता, संध्याकाळी अख्खी आळी तिथे सतरंजीवर.

डी-२०२ : शब्दांचा पण एक. पाव, चावी, बटाटा, भाकरी, ह्यात वेगळा कुठला? भाकरी, बाकी तिन्ही पोर्तुगीजांकडून आलेत.

ई-५०३ : राज्यप्राणी शेकरू. फोटो दाखवून विचारा, निम्मी मुलं खार म्हणतील. भीमाशंकरला बघितलंय मी, केवढी ती झुपकेदार शेपटी!

बी-४०२ : भीमाशंकर म्हणजे भीमेचा उगम, त्यावरून सुचलं. आपल्या गच्चीवर पडलेला पाऊस शेवटी कुठल्या समुद्रात जातो?

सी-१०३ : अरबी, त्यात काय. सकाळी निघालो की दुपारच्या जेवणाला अलिबागला असतो आपण.

ए-१०१ आजोबा : नाही रे बाळा. समुद्र जवळ असला तरी मधे सह्याद्री आहे, आणि आपण त्याच्या पूर्वेच्या उतारावर. आपलं पाणी मुठेत, मुठा संगमाला मुळेत मिळते, मुळा-मुठा रांजणगाव सांडसला भीमेत, भीमा उजनीवरून पंढरपूर करून कर्नाटकात रायचूरकडे कृष्णेला मिळते आणि कृष्णा पार आंध्रात बंगालच्या उपसागरात. अख्खा देश आडवा ओलांडतं ते पाणी.

सी-१०३ : बाप रे, हे मला चाळिशीत कळतंय

सी-३०१ काकू : म्हणजे आपलं पाणी चंद्रभागेत जातं! इतकी वर्षं वारीला जातेय, वाळवंटात उभी राहते, पण हे कधी मनात आलं नव्हतं. आता नदीत काही टाकताना हात थांबेल बघा. निर्माल्यासाठी कलश ठेवाच ह्या वर्षी.

ई-५०३ : ताई एक अडचण आहे, सगळंच पाणी पूर्वेला जात नाही. मुळशी धरण मुळेवर आहे ना, तिथलं पाणी बोगद्यातून पश्चिमेला नेऊन घाटाखाली भिऱ्याच्या वीजघरात सोडतात, जवळजवळ ५०० मीटर खाली, आणि मग ते कुंडलिकेतून रेवदंड्याला अरबी समुद्रात. कोलाडला राफ्टिंग करतात ते ह्याच पाण्यावर.

ए-१०१ आजोबा : बरोबर. आणि त्या धरणासाठी मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या, १९२१ ला मुळशी सत्याग्रह झाला. त्याचं नेतृत्व केलं म्हणूनच बापटांना सेनापती म्हणायला लागले. मुलं सेनापती बापट रस्त्यावरून रोज शाळेत जातात, हा प्रश्न यायलाच हवा.

सी-१०३ : मग समुद्राचा प्रश्न रद्द का?

बी-४०२ : अजिबात नाही, तोच सगळ्यात छान आहे, फक्त नीट लिहायला हवा. आपण सिंहगड रोडला, आपलं पाणी मुठेतच जातं, त्यामुळे "आपल्या सोसायटीच्या गच्चीवरचं" असं लिहिलं की उत्तर एकच, बंगालचा उपसागर. मुळशीचा वेगळा घेऊ, एकाच जिल्ह्यातलं पाणी दोन समुद्रांना कसं जातं, ह्याला १० मार्क.

डी-२०२ : नकाशा लागेल त्याला

ए-१०१ आजोबा : माझ्याकडे आहे महाराष्ट्राचा मोठा, भिंतीवरचा. थोडा फाटलाय घडीवर.

सी-१०३ : आजोबा मी संध्याकाळी येतो न्यायला, मागून टेप लावतो. निळ्या स्केचपेनने गच्चीपासून समुद्रापर्यंत रेघ मुलांनाच मारायला सांगू.

सी-३०१ काकू : पंढरपूरला ठिपका मोठा काढा.