सणासुदीनंतर वजन पुन्हा वाढलं, आता काय? जाणकारांनी लिहा

पाचपाखाडीकर: गणपती झाले की काट्यावर उभं राहायची भीती वाटते आणि पुष्कळांचं तीन-चार महिने सांभाळलेलं खाणं-चालणं नेमकं इथेच सुटतं. 'मनाचा निग्रह ठेवा' एवढंच नको. मापं, कारणं आणि करता येईल असं काही लिहा.

नेरूळ_पूर्व: आधी हिशेब मांडा, निम्मी निराशा तिथेच जाते. १ किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. मोदक, पुरणपोळी, वरून तूप असं करत एखाद्या दिवशी गरजेपेक्षा १५०० कॅलरी जास्त गेल्या, तरी चरबी चढते फार तर २०० ग्रॅम. काटा मात्र दुसऱ्या सकाळी दीड किलो जास्त दाखवू शकतो. फरक आहे तो बहुतेक पाण्याचा. शरीर पिठूळ-गोड पदार्थांतली साखर ग्लायकोजेन म्हणून साठवतं आणि त्याच्या दर ग्रॅममागे जवळपास ३ ग्रॅम पाणी धरून ठेवतं. फरसाण, पापड, लोणच्यातल्या मिठानेही पाणी थांबतं. नेहमीचं जेवण सुरू झालं की चार-पाच दिवसांत यातलं बरंचसं उतरतं, तोवर काट्यावर विसंबून काही ठरवू नका. पाळीच्या आधीही किलो-दीड किलो वाढू शकतं. बायकांनी तुलना मागच्या महिन्याच्या त्याच आठवड्याशी करावी, मागच्या सोमवारशी नाही.

कोपरखैरणे_लोकल: सर्वांत जास्त नुकसान करतो तो प्रायश्चित्ताचा उपास. काल जास्त झालं म्हणून आज फक्त चहावर राहायचं, आणि संध्याकाळी ठाण्याला उतरल्यावर गरम वड्यांच्या घाण्यासमोरून जायचं! तिथे निग्रह टिकत नाही, कारण भूक खरी असते. दुसऱ्या दिवशी सकाळी मुगाची दोन धिरडी किंवा दोन अंडी, दुपारी दोन पोळ्या, वाटीभर उसळ, काकडीची कोशिंबीर, ताक. संध्याकाळसाठी डब्यात ३० ग्रॅम भाजलेले चणे ठेवा, म्हणजे साधारण ११० कॅलरी आणि ६ ग्रॅम प्रथिनं. गाडी रबाळ्याला आली की खायला घ्या. ठाण्याला उतरल्यावर खाऊ म्हटलं तर उशीर झालेला असतो.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांनी असा उपास डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच करू नये. साखर एकदम खाली जाऊ शकते.

कळव्याची_सुगरण: उपासावरून आठवलं, चतुर्थीची खिचडी एकदा मोजून पाहा. कोरडा साबुदाणा ५० ग्रॅम म्हणजे १७५, दाण्याचं कूट २५ ग्रॅम म्हणजे १४०, तूप दोन चमचे म्हणजे ९०. बटाटा न धरताच ४०० ओलांडते, आणि साबुदाण्यात प्रथिनं नावालाच. खिचडी सोडू नका, छोटी वाटी घ्या आणि सोबत दही-काकडी भरपूर घ्या. घरात तेल बाटलीतून थेट कढईत ओतत असाल तर ते आधी बंद करा. पोहे खायचा मोठा चमचा भरून तेल म्हणजे १२० कॅलरी, आणि फोडणीत असे दोन सहज जातात.

उपवन_सकाळ: चालण्यात खंड पडला असेल तर जुन्या वेगाने सुरुवात नको. पहिले दोन-तीन दिवस १५ मिनिटं, मग दर दोन दिवसांनी ५ मिनिटं वाढवा. ठाण्यात उपवन किंवा मासुंदा तलावाभोवतीचा सपाट रस्ता यासाठी उत्तम. येऊरचा चढ नंतर, कारण गुडघ्यावर भार येतो तो उतरताना. पाऊस कोसळत असेल तर इमारतीचा जिना आहेच: चालत चढा, लिफ्टने उतरा, १० मिनिटं पुरे. एक ध्यानात ठेवा, नव्याने व्यायाम सुरू केला की दुखऱ्या स्नायूंत पाणी धरलं जातं आणि काटा आठवडाभर ढिम्म राहतो किंवा थोडा वरही जातो. लोक नेमके तेव्हाच सोडून देतात. फार वाईट वाटतं, कारण उतरण तिथून पुढेच असते.

घणसोली_९: काटा सपाट लादीवर ठेवा, गालिच्यावर नको. सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाआधी, रोज साधारण तेवढ्याच कपड्यांत.

पाचपाखाडीकर: रोज की आठवड्यातून एकदा?

नेरूळ_पूर्व: रोजचा आकडा मनाला लागत नसेल तर रोज, आणि पाहायची फक्त सात दिवसांची सरासरी. लागत असेल तर काटा सरळ माळ्यावर टाका आणि महिन्यातून एकदा टेपने कंबर मोजा: शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता. आपल्याकडे पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटिमीटरची मर्यादा धरतात.

खारघर_टेकडी: वजन घटलं की शरीराची गरजही घटते. ८० किलोला जे ताट पुरायचं, ते ७२ किलोला जास्त होतं. सणाचं वाढलेलं पाणी उतरूनही सरासरी तीन-चार आठवडे हलली नाही, तर अर्धी पोळी किंवा भाताचा एक डाव कमी करा. डाळ-उसळ कमी करू नका, पोट तिच्यानेच भरलेलं राहतं. मात्र काही दिवसांतच दोन किलो वाढून पायांना सूज आणि चालताना धाप असेल, तर ते सणाचं खाणं समजू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.