स्वतःच्या शाखा किती ठेवायच्या, फ्रँचायझी किती द्यायच्या?

प्रश्न:
आमच्या स्वतःच्या नऊ शाखा आहेत, तीन वर्षांत तीस करायच्या आहेत. भागीदाराचं म्हणणं, नव्या सगळ्या फ्रँचायझीला देऊ, भांडवल त्यांचं लागेल. मॅकडोनाल्ड्सची सुमारे ९५ टक्के दुकानं फ्रँचायझीकडे आहेत, हे तो रोज ऐकवतो. मला दर्जाची धास्ती वाटते. कुठली जागा कोणाकडे द्यायची, हे ठरवायचं कसं?

उत्तर १:
नुसत्या भांडवलाचा प्रश्न असता तर गडगंज कंपन्यांनी फ्रँचायझी दिलीच नसती. उलट चिपोटले या अमेरिकी खाद्यसाखळीने जवळपास सगळी दुकानं स्वतः चालवूनच पसारा वाढवला.

उत्तर २:
एका साखळीच्या फ्रँचायझी विभागात मी अकरा वर्षं होते, त्यावरून सांगते.

मॅकडोनाल्ड्सचा दाखला अर्धाच आहे. १९५६ मध्ये त्यांनी जागांसाठी वेगळी कंपनी काढली. जागा आपल्या ताब्यात घ्यायची आणि फ्रँचायझीला भाड्याने द्यायची. धंदा त्याचा, जागा कंपनीची. अशी पकड तुमच्याकडे आहे का?

मी आधी अंतर बघायचे. लांबच्या शाखेत पगारी मॅनेजरवर लक्ष ठेवणं फार महाग पडतं. तिथे स्वतःचा पैसा अडकलेला माणूसच बरा. मग बघायचे, गिऱ्हाईक परत येतं का. महामार्गावर, विमानतळावर सहसा येत नाही. तिथे फ्रँचायझीने मालात कसूर केली तरी त्याचा गल्ला भरतो आणि गिऱ्हाईक तुटतं ते तुमच्या इतर शाखांचं. अशा जागा हातच्या सोडू नका.

आणि रॉयल्टी, म्हणजे फ्रँचायझीने कंपनीला द्यायचा हिस्सा, विक्रीवर असते, फ्रँचायझी जगतो नफ्यावर. भांडणं इथेच होतात. एका ऑडिटला गेले होते. महिन्याची बिलं सातशेच्या आसपास, पिशव्या मात्र हजारावर संपलेल्या. रॉयल्टी वाचवायला बिलंच केली जात नव्हती. आमच्या स्वतःच्या शाखेत किती बिलांना किती पिशव्या जातात हे ठाऊक होतं, म्हणून सापडलं. सगळंच देऊन टाकलं असतं तर ताडून कशाशी बघणार होतो?

प्रश्नकर्ता:
पिशव्यांचा हिशोब कधी डोक्यातच आला नव्हता. आमच्या नऊही शाखा एकाच शहरात आहेत. त्या विकून पैसा उभा करावा का?

उत्तर २:
सगळ्या नको. निदान चार-पाच ठेवा. नवा माल, नवे दर आधी तिथे चालवून बघता येतील. लांबच्या शहरात एकाच भरवशाच्या माणसाला तीन-चार शाखा द्या, पण पहिली वर्षभर नीट चालल्यावरच दुसरी. आणि त्याने विकायला काढली तर पहिला हक्क तुमचा, हे करारात आत्ताच घालून घ्या. आम्ही ते घातलं नव्हतं. दोन चालत्या शाखा परक्याच्या हातात गेल्या.