बाबांची अठरा फुटी लाकडी होडी: दुरुस्त करावी की मोडीत काढावी?

खाडीकाठ
आचऱ्याच्या खाडीला आमची अठरा फुटी लाकडी होडी आहे. वल्ह्याची, इंजिन कधी लावलंच नाही. पठाण, म्हणजे तळाचा कणा, आईनाचा, फळ्या काही आईनाच्या, काही फणसाच्या. बाबांनी ती १९९० पासून ३१ वर्षं वापरली. मे २०२१ च्या तौक्ते वादळात माड पडून तिचा उजवा काठ फुटला आणि त्याच वर्षी बाबांच्या गुडघ्यांनी दगा दिला. तेव्हापासून ती खाडीच्या काठावर उताणी पडून आहे. पहिली दोन वर्षं पावसाआधी वर माडाच्या झावळ्यांची झापं घातली, पुढे तेही राहिलं.

गेल्या रविवारी सुताराला दाखवली. सात फळ्या, चार वांक (आतल्या फासळ्या), उजवा काठ, सगळे खिळे, सांधे भरणं आणि रंग धरून एक लाख दहा हजार म्हणाला. याच मापाची फायबरची नवी होडी दीड लाखाच्या आसपास पडेल असं दोन ठिकाणी कळलं. मी कणकवलीला नोकरीला, घरी रविवारचाच. पैसे कर्ज न काढता उभे राहतील, पण घराचं छप्परही करायचं आहे.

उजव्या काठावर, जिथे बसून बाबा जाळं ओढायचे, तिथे दोरीने बोटभर खोल खाच पडली आहे. सुतार म्हणाला, हा काठ सगळ्यात आधी टाकायचा. तिथेच माझं अडलंय. बाबा काहीच बोलत नाहीत. पाऊस यायच्या आत ठरवायचं आहे, स्पष्ट सांगा.

हर्णैचा
स्पष्ट सांगतो, करू नका. एक लाख दहा हजार हा नुसता पहिला हप्ता आहे. लाकडी होडी दर वर्षी ओढून वर घ्यावी लागते, तळ खरवडून सुकवावा लागतो, तेल-रंग द्यावा लागतो, निघालेला सांधा भरावा लागतो. रविवारी घरी येणाऱ्या माणसाकडून हे होत नाही. मी आमची होडी दोनदा दुरुस्त केली. दुसऱ्या वेळी नव्या फळ्या घातल्या आणि तीन वर्षांत त्यांच्या शेजारच्या जुन्या गेल्या. शेवटी फायबर घेतली. मासेमारीवर घर चालत असेल तर प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत पारंपरिक मच्छीमाराला जुन्या होडीच्या जागी नवी घ्यायला अनुदान आहे, सर्वसाधारण गटाला ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के. तुमचं घर पगारावर चालतं. मग छप्पर आधी.

वाघोटन
हर्णैच्या दादांचा अनुभव खरा आहे, पण 'लाकूड म्हणजे पैशांचा खड्डा' हे मला पटत नाही. आमच्या घरात तीन पिढ्या होड्या बांधल्या. नव्या फळीशेजारची जुनी गेली यात नव्या फळीचा दोष नसतो. जुनी आधीच आतून गेलेली असते, कोणी तपासलेली नसते.

लोकांना वाटतं, होडी समुद्राने कुजते. खाऱ्या पाण्यात लाकूड कुजत नाही, त्याला कीड लागते, आणि ती किडीसारखी दिसली तरी जात शिंपल्याची. होडी वेळच्या वेळी वर घेऊन सुकवली, तळ शेकला, की ही कीड मरते. कुजवतं ते पावसाचं पाणी. उताण्या होडीत काही पावसाळे पाणी साठलं, त्यात माडाचा कचरा पडला, तर पठाण आणि वांक जिथे भेटतात तिथे सगळ्यात आधी नासतं. रंगाखाली ते दिसत नाही. म्हणून सुताराचा आकडा बाजूला ठेवा आणि एक टोच्या घ्या. पठाणाच्या दोन्ही टोकांना, प्रत्येक वांकाच्या बुडाशी आणि खिळ्यांभोवती टोचा. चांगल्या आईनात टोक जेमतेम शिरतं, आवाज कोरडा येतो. पावात शिरल्यासारखं गेलं तर ते लाकूड संपलं. खिळ्याभोवती काळं वर्तुळ असेल तर लोखंडाच्या गंजाने भोवतीचं लाकूड खाल्लंय. तिथे नवा खिळा ठोकून उपयोग नाही, धरायला आत काही उरलेलंच नसतं.

पठाण सलग धड असेल तर फळ्या कितीही बदला, होडी उभी राहते. पठाणच गेला असेल तर ती दुरुस्ती नव्हे, जुन्या आकाराची नवी होडी बांधणं आहे. मग एक लाख दहावर भागणार नाही आणि मीच तुम्हाला नको म्हणेन.

आणखी एक. इतकी वर्षं सुकलेल्या फळ्या आकसलेल्या असतात. सांध्यांत आत्ताच कापूस गच्च ठोकला तर पाण्यात फळ्या फुगतील आणि खिळे सैल होतील. आधी ओली गोणपाटं घालून चार-सहा दिवस लाकूड भिजवा. सुतार घाई करत असेल तर त्याला थांबवा.

रेडीचा समीर
इतकं कशाला? जुन्या होडीवर बाहेरून फायबर चढवून घ्या, निम्म्या पैशात होतं.

हर्णैचा
समीर, हे मात्र करू नकोस. इथे वाघोटनशी माझं एकमत आहे. ओल्या किंवा तेल मुरलेल्या लाकडाला तो लेप नीट धरत नाही. लाकूड फुगतं-आकसतं, वरचं कवच तेवढं हलत नाही. मग बारीक भेग पडते, पाणी आत जातं आणि बाहेर येत नाही. आमच्या बंदरात एक अशी होडी फोडली तेव्हा कवच जसंच्या तसं होतं आणि आतलं लाकूड हाताने उपसता येत होतं.

माडबन
वल्ह्याची आहे म्हणून एक मुद्दा. १ जून ते ३१ जुलै ही ६१ दिवसांची मासेमारी बंदी यांत्रिक नौकांना असते, वल्ह्याच्या पारंपरिक होडीला नाही. पावसात खाडीत जाळं टाकणारं घरात कोणी असेल तर या होडीची किंमत वेगळी होते. कोणी नसेल तर हर्णैचा म्हणतात ते बरोबर.

समुद्रदर्शन
घरासमोर रंगवून ठेवा, दिवे लावा, होमस्टे करा. पाहुण्यांना फार आवडतं. नाहीतर त्यांना खाडीत फिरवा.

वाघोटन
शोभेला ठेवलेली होडी दोन पावसाळ्यांत मोडते, कारण ती कधी भिजून फुगत नाही आणि पावसाचं पाणी मात्र साठवत राहते. पाहुणे फिरवायचे तर मेरीटाईम बोर्डाचा परवाना, तपासणी आणि लाईफ जॅकेटं आली. हौस म्हणून लोकांचे जीव होडीत घालू नयेत. कोणी परसातला आईन तोडून फळ्या काढायच्या विचारात असेल तर त्यालाही वनखात्याची परवानगी लागते, झाड स्वतःच्या जागेत असलं तरी.

आचऱ्याची माई
बाबा गप रवतत म्हणजे तेंका होडी नको असा नाय. माझो घोव असोच. आमची होडी मोडूक काढली तेव्हा आठ दिस तो घरात बोललो नाय. तुमी सगळे पैशाचो हिशोब करतास, करूकच होयो. पण आदी तेंका काठार घेवन जावा आणि खयची फळी कधी घातली ता विचारा.

हर्णैचा
माईंचं म्हणणं मान्य. तरी मी माझ्या मतावर ठाम आहे. बाबांना भेट म्हणून होडी दुरुस्त करणार आणि पुढच्या वर्षी ती पुन्हा तशीच पडणार, हे त्यांनी दुसऱ्यांदा बघायचं का? दर वर्षीचं काम कोण करणार त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय एक खिळाही घेऊ नका.

खाडीकाठ
सगळ्यांचे आभार. माईंचं ऐकून काल बाबांना रिक्षाने काठावर नेलं. टोच्या मी मारत होतो, चौथ्या वांकाला त्यांनी तो माझ्या हातातून घेतला. खुर्चीवर बसूनच, नुसत्या आवाजावरून सांगत होते. पठाण नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मधल्या बाकापर्यंत खणखणीत आहे. मागच्या टोकाला हातभर लाकूड मऊ लागलं, आणि ते सुताराच्या यादीत नव्हतंच.

खाचेबद्दलही विचारलं. बाबा म्हणाले, हा काठ मूळचा नाही. २००९ च्या फयान वादळात आधीचा मोडला, तेव्हा त्यांनी आणि काकांनी मिळून हा बसवला. आधीच्या काठालाही तशीच खाच होती. तो चुलीत घातला, एवढंच म्हणाले.

दर वर्षीच्या कामाबद्दल काकांच्या धाकट्याशी बोललो. तो पावसात खाडीत जाळं टाकतो, सध्या दुसऱ्याच्या होडीतून. होडी त्याच्या हातात द्यायची, तेल-रंगाचा खर्च माझा, ओढणं-सुकवणं त्याचं, असं बोलणं झालंय.

सुताराला सध्या फक्त मागच्या दोन फळ्या उघडायला सांगितल्या आहेत, त्याची दोन दिवसांची मजुरी वेगळी देऊन. आत पठाण हातभरापेक्षा जास्त गेलेला निघाला तर थांबायचं, हे बाबांनीच ठरवलं. नाहीतर काम दिवाळीनंतर, छप्पर झाल्यावर. आज होडीतलं पाणी आणि कचरा काढून ती उपडी केली, आणि आईने झापं विणायला घेतली आहेत.