मदत हवी आहे: विमानात सोबत न्यायला पाठीवरची बॅग, ३० लिटर की ४० लिटर?

नमस्कार मंडळी,

मी चोपडा तालुक्यातली, नोकरीमुळे हैदराबादला असते. दीड-दोन महिन्यांनी घरी चक्कर होते. जळगावपर्यंत विमान जमलं तर विमान, नाहीतर रेल्वे, आणि पुढे चोपड्याची एसटी. एसटीच्या गर्दीत चाकांची बॅग म्हणजे नुसती अडचण, म्हणून पाठीवरचीच हवी.

देशांतर्गत विमानात सोबतच्या बॅगेला साधारण ७ किलो आणि ५५×३५×२५ सेंमी ही मर्यादा धरली आहे. शोधून शोधून दोन बॅगांवर आले.

एक ४० लिटरची. सुटकेससारखी तिन्ही बाजूंनी उघडते, पाठीला फ्रेम, कमरेला जाड पट्टा. रिकामी १ किलो ६०० ग्रॅम. दुसरी ३० लिटरची, वरून उघडणारी, बिनफ्रेमची, रिकामी ८५० ग्रॅम. किमतीत फार फरक नाही.

माझा पेच आईच्या डब्यापाशी आहे. ज्वारीचे बिबडे (पापडासारखे वाळवलेले) वजनाला काहीच नसतात, पण जागा खूप घेतात. जुन्या सॅकमध्ये डबा उभा ठेवावा लागतो. गेल्या खेपेला डबा उघडला तर अख्खे चारच निघाले, बाकी चुरा. पहाटे उठून घाटा शिजवायचा, ओल्या फडक्यावर एकेक थापायचा, दिवसभर उन्हात राखण करायची, एवढं करून आई ते देते. फार वाईट वाटलं. कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) पिठाचं उलट आहे, जागा थोडी आणि वजन भरपूर. निघताना आई "इतलं तरी ली जाय व माय" म्हणत आणखी एक पिशवी पुढे करते, तेव्हा मला नाही म्हणवत नाही.

घरी कापूस मोजायचा लटकता काटा आहे, त्यावर सगळं तोलून पाहिलं. लॅपटॉप आणि चार्जर २ किलो २००, कपडे दीड किलो, पॉवर बँक आणि किरकोळ मिळून अर्धा किलो. म्हणजे मोठ्या बॅगेत घरच्या खाऊला १ किलो २०० उरतात, छोटीत जवळजवळ २ किलो. हे पाऊण किलो सोडवत नाही, आणि बिबडे आडवे ठेवायचे तर मोठीच बॅग लागते.

अजून एक. माझी उंची ५ फूट. मोठ्या बॅगेचा कमरेचा पट्टा मला नीट बसेल का? आणि जळगावला येतं ते छोटं एटीआर विमान, त्यात डोक्यावरचे कप्पे लहान असतात. एकदा दारातच बॅग विमानाच्या पोटातल्या सामानात ठेवायला मागितली, तेव्हा रांग खोळंबवून, उकिडवं बसून, कपड्यांखालून लॅपटॉप आणि पॉवर बँक काढावी लागली. तसं पुन्हा नको. वापरणाऱ्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद:

ताई, लिटर नंतर बघा, आधी पाठ मोजा. मान खाली घातली की मागे एक हाड वर येतं, टेप तिथे धरा. दोन्ही हात कमरेच्या हाडांवर ठेवा, अंगठे मागे. दोन्ही अंगठ्यांना जोडणाऱ्या रेषेपर्यंत जे माप येईल ती तुमच्या पाठीची लांबी. बॅगेच्या खांद्याच्या पट्ट्यांपासून कमरेच्या पट्ट्यापर्यंतचं अंतर त्याहून जास्त असेल तर पट्टा कमरेच्या हाडावर न बसता खाली घसरतो आणि सगळा भार खांद्यावर येतो. तसं झालं तर फ्रेमचं ते जास्तीचं वजन फुकट वाहायचं. शिवाय ७ किलोच्या ओझ्याला जाड पट्ट्याची फारशी गरजही नसते, छातीवरची पट्टी आणि खांद्याला चांगली गादी पुरते.

माझ्या मते तुमच्या दोन्ही बॅगा चुकीच्या आहेत. बिनफ्रेमची, ३२ ते ३५ लिटरची, पण सुटकेससारखी उघडणारी शोधा. रिकामी एक किलोच्या आसपास मिळते. लॅपटॉपचा कप्पा पाठीकडून वेगळा उघडणारा हवाच, आणि पॉवर बँक त्याच कप्प्यात ठेवा, कारण ती सामानात खाली पाठवता येत नाही. बॅग मागितली की दोन्ही काढायचं आणि बॅग देऊन टाकायची, अर्ध्या मिनिटाचं काम. पावसाळ्यासाठी वरचं कव्हर विसरू नका.

धागाकर्ती:

भाऊ, मनापासून आभार. टेप लावून पाहिला, पाठ १५ इंच भरली. ४० लिटरच्या बॅगेचं अंतर त्याहून जास्त, म्हणून ती बाद. असा तिसरा प्रकार असतो हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. शनिवारी जळगावला दुकानात जाते आहे. बिबड्यांचा डबा सोबत नेणार, तिथेच आडवा ठेवून, चेन लावून बघते.