प्रतिसाद: कॅमोमाइल आणि फ्री रॅडिकल्स

कॅमोमाइल या शेवंतीसारख्या फुलाचा चहा पेशींचं नुकसान भरून काढतो, असं ज्या लेखात म्हटलंय, त्याला हा प्रतिसाद. मला ते थोडं वेगळं मांडावंसं वाटतं. हे नुकसान करणारा फ्री रॅडिकल म्हणजे एक अस्थिर रेणू. त्याच्यात एक इलेक्ट्रॉन जोडीविना असतो, म्हणून तो पेशीच्या आवरणातल्या मेदाम्लांकडून (चरबीच्या घटकांकडून) इलेक्ट्रॉन ओढून घेतो. मग ते मेदाम्ल स्वतःच रॅडिकल होतं आणि साखळी पुढे सरकते. कॅमोमाइलमधले फ्लॅवोनॉइड (वनस्पतींत आढळणारी संयुगं) आपल्याकडचा हायड्रोजन देऊन ही साखळी तोडू शकतात. म्हणजे हा बचाव झाला, दुरुस्ती नव्हे.

या फ्लॅवोनॉइडांपैकी एपिजेनिन सर्वांत चर्चेतलं. पण ते पाण्यात फारसं विरघळत नाही. फुलांत ते बरंचसं साखरेच्या रेणूला जोडलेलं असतं आणि त्या रूपात चहात बऱ्यापैकी उतरतं. फुलं झाकण ठेवून पाच-दहा मिनिटं मुरू द्यावीत, म्हणजे सुगंधी तेलही वाफेबरोबर उडून जात नाही.

परीक्षानळीतले आकडे मात्र जपून वाचा. तिथे पेशींना मिळणारी मात्रा कपभर चहानंतर रक्तात सहसा पोचतच नाही. आणि हे आवर्जून सांगते: वॉरफरिन (रक्त गोठू नये म्हणून देतात ते औषध) घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा चहा रोजचा करू नये. शेवंती-झेंडूच्या कुळातल्या फुलांची ॲलर्जी असेल, तर टाळलेलाच बरा.