शब्दचर्चा : 'खदिरादी वटी' आणि तिच्या अवतीभवतीचे शब्द

प्रश्न : घसा खवखवणे, तोंड येणे अशा तक्रारींवर दिल्या जाणाऱ्या एका जुन्या आयुर्वेदिक गोळीचे नाव कुठे 'खदिरादि वटी', तर कुठे 'खदिरादी वटी' असे छापलेले आढळते. यांपैकी शुद्ध रूप कोणते? 'आदि' या शब्दात नेमके काय काय येते? आणि माहितीपत्रकात 'मुखरोगांवर' असे लिहिलेले असताना ही गोळी घशासाठी का देतात?

उत्तर : संस्कृतात 'खदिरादि' हेच रूप बरोबर आहे, त्याबद्दल वाद नाही. मराठीत मात्र 1962 च्या शुद्धलेखन-नियमांनुसार ऱ्हस्व इकारान्त तत्सम शब्द दीर्घान्त लिहायचे असल्यामुळे आपण 'कवी', 'बुद्धी', 'इत्यादी' असे लिहितो आणि त्याच न्यायाने 'खदिरादी' लिहायला हवे. हाच शब्द समासाचे पूर्वपद झाला की 'कविराज', 'बुद्धिवैभव' यांच्याप्रमाणे मूळचा ऱ्हस्व कायम राहतो. म्हणून सुटे लिहायचे असेल तर 'खदिरादी वटी' आणि जोडून लिहायचे असेल तर 'खदिरादिवटी', ही दोन रूपे मराठीत योग्य ठरतात. शब्द तोडूनही ऱ्हस्व ठेवणारे 'खदिरादि वटी' हे रूप संस्कृत ग्रंथातील पाठ म्हणून चालेल, परंतु मराठी मजकुरात मी ते वापरणार नाही. 'सितोपलादी चूर्ण', 'लवंगादी वटी' या नावांनाही हेच लागू आहे.

'आदि'चा अर्थ आपण सवयीने 'वगैरे' असा घेतो आणि तेथेच थोडी दिशाभूल होते. येथे समास बहुव्रीही आहे : खदिर (म्हणजे खैराचे झाड) जिच्या आरंभी आहे ती वटी. नाव केवळ प्रमुख द्रव्य सांगते, बाकीची यादी पाठात, म्हणजे ग्रंथात दिलेल्या कृतीत, पाहावी लागते आणि एकाच नावाचे पाठ वेगवेगळे असू शकतात. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील सव्विसाव्या, म्हणजे त्रिमर्मीय अध्यायात खदिरादि गुटिका आणि त्याच द्रव्यांचे तेल सांगितले आहे. त्यात खदिराबरोबर अरिमेद हे मुख्य द्रव्य असून पुढे अनेक द्रव्यांची मोठी यादी येते. अरिमेदाला अमरकोशात 'विट्खदिर', म्हणजे दुर्गंधी खैर, असा पर्याय दिलेला आहे. उत्तरकालीन ग्रंथांतील मुखरोगाच्या प्रकरणात याच नावाचा पाठ पुष्कळच आटोपशीर आहे : खदिराचा काढा आटवायचा आणि त्यात जाती, कापूर, पूग (सुपारी) व कंकोळ यांची चूर्णे घालून गोळ्या वळायच्या. 'जाती' या शब्दाने संस्कृतात जाईची वेलही कळते आणि जायफळाचे झाडही कळते. या पाठात जायफळ किंवा जायपत्री घेतात, तरी नुसता शब्द वाचणाऱ्याला जाईची फुले डोळ्यांसमोर आली तर त्याचा दोष नाही.

खुद्द 'खदिर' प्राकृतात 'खइर' झाला आणि मराठीत 'खैर' होऊन स्थिरावला. काताच्या तांबूस-तपकिरी रंगाला 'खैरा' म्हणतात, तोही याच घराण्यातला. 'आता त्याची खैर नाही' यातील 'खैर' मात्र अरबीतून आलेला, कुशल किंवा कल्याण या अर्थाचा, सर्वस्वी निराळा शब्द आहे. 'खदिरसार' या शब्दाकडे जरा थांबून पाहायला हवे. 'सार' म्हणजे झाडाच्या खोडाचा घट्ट, रंगीत गाभा, आणि 'सार' म्हणजे आटवून काढलेला अर्कही. ज्या पाठात खदिरसार कुटून भरपूर पाण्यात उकळायला सांगितले आहे, तेथे पहिला अर्थ उघड आहे. निघंटूंच्या, म्हणजे औषधी द्रव्यांच्या कोशांच्या, परंपरेत आणि आजच्या व्यवहारात 'खदिरसार' म्हणजे कात, म्हणजे तो गाभा उकळून आणि आटवून मिळालेला पदार्थ. भाषांतर करताना हे दोन अर्थ एकमेकांत मिसळले, तर कृतीच बदलते.

'वटी'विषयी थोडक्यात सांगतो. शार्ङ्गधर या मध्ययुगीन वैद्यक-ग्रंथकाराने वटक, गुटिका, वटी, मोदक, पिंडी, वर्ति हे शब्द एकाच ओळीत पर्याय म्हणून दिले आहेत. आपले 'वडा' आणि 'वडी' हे 'वटक' आणि 'वटिका' यांपासूनच आले.

आता 'मुखरोग'. तिसऱ्या प्रश्नाचे सगळे उत्तर या एका शब्दात आहे. मराठीत 'मुख' म्हटले की आपण चेहरा किंवा फार तर तोंड समजतो. सुश्रुताने मुखरोग 65 मोजले आहेत आणि त्यांची स्थाने सात मानली आहेत : ओठ, दंतमूल म्हणजे हिरड्या, दात, जीभ, टाळू, कंठ आणि संपूर्ण मुख. या 65 पैकी 17, म्हणजे सर्वाधिक रोग एकट्या कंठाचे आहेत. तेव्हा ग्रंथकारांच्या दृष्टीने घसा हा मुखाचाच भाग होता. 'मुखरोग'चे भाषांतर 'तोंडाचे विकार' असे केले की घसा बाहेर राहतो. म्हणून 'तोंड व घसा यांचे विकार' असे लिहावे, असे माझे आग्रहाचे मत आहे.

पुरवणी प्रश्न : सेवनविधी सांगताना 'गोळी चोखावी' असे लिहावे की 'चघळावी'?

उत्तर : 'चघळावी'. चोखण्यात ओढून घेण्याची क्रिया असते, जसे आपण आंबा चोखतो किंवा मूल अंगठा चोखते. चघळण्यात पदार्थ तोंडात घोळवत ठेवून सावकाश विरघळू देणे असते आणि येथे तेच अभिप्रेत आहे. 'चूसना' या हिंदी क्रियापदाचे यांत्रिक भाषांतर केल्यामुळे 'चोखावी' आले असावे. ही केवळ शब्दाची नजाकत नाही. काताचा गुण त्याच्या तुरटपणात आहे. त्यातील टॅनिने (तुरट चव देणारी द्रव्ये) लाळेतील आणि श्लेष्मल त्वचेवरील, म्हणजे तोंडाच्या आतील ओलसर त्वचेवरील, प्रथिनांशी बांधली जातात आणि त्यामुळेच तोंड आखडल्यासारखे वाटते. गोळी पाण्याबरोबर गिळली तर हा स्थानिक स्पर्श घडतच नाही. 'तुरट'चे मूळ 'तुवर' हा शब्दही अमरकोशात 'कषाय'च्या जोडीने येतो. 'कषाय' म्हणजे तुरट रस आणि 'कषाय' म्हणजे काढाही, हे येथे लक्षात ठेवावे.

आणखी एक शब्द वाचकांनी जरूर ओळखावा, तो म्हणजे 'पूग' किंवा त्याचा पर्याय 'क्रमुक'. दोन्हींचा अर्थ सुपारी. कर्करोगावरील आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने 2004 साली सुपारीला मानवात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. संस्कृत नावामुळे हा घटक सहज नजरेआड होतो. त्यामुळे घटकद्रव्यांच्या यादीत यांपैकी एखादे नाव दिसल्यास, आणि विशेषतः तोंडातील जखम दोन-तीन आठवड्यांत भरून येत नसल्यास, गोळी चघळत न राहता डॉक्टरांना तोंड दाखवून घ्यावे. मराठी माहितीपत्रकात तरी 'पूग'च्या जागी 'सुपारी' असेच छापले पाहिजे.