मदत हवी आहे: उणे 30 मध्ये गाभण गाईंना बार्ली किती द्यावी?

आम्ही कॅनडात, सास्काचेवानमध्ये आहोत. मांसासाठी पाळलेल्या 40 अँगस गाई, त्यात 9 पहिलारू. सगळ्या गाभण, मार्चअखेर वितील. मोठ्या गाईंचं वजन 600 किलोच्या आसपास. रात्री पारा उणे 30 पर्यंत उतरतोय.

सध्या गाईमागे रोज साधारण 12 किलो सुकं गवत, शिवाय बार्लीचं काड हवं तेवढं. गवत तपासून घेतलं: प्रथिनं 8 टक्के, टीडीएन (म्हणजे पचणारी एकूण पोषकद्रव्यं, ऊर्जेचं माप) 52 टक्के. पोट भरतंय, पण या थंडीला ऊर्जा पुरत नाही. मोठ्या गाई ठीक आहेत. केस दाट, पाठीवर पडलेला बर्फ वितळत नाही, म्हणजे अंगची ऊब बाहेर जात नाहीये. पहिलारूंच्या मात्र केसांत हात दाबून फिरवला की बरगड्या बोटांना लागतात, त्याचीच काळजी आहे.

वैरण संध्याकाळी टाकून पाहिली. वाऱ्याला आडोसा, काडाचं जाड अंथरूण, न गोठणारं पाणी, खनिज मिश्रण आहे. जंताचं औषध ऑक्टोबरमध्ये दिलंय. पहिलारू आठवड्यापूर्वी वेगळ्या केल्या.

भरडलेली बार्ली घरची आहे, चांगलं गवत आता विकत मिळत नाही. एकदम जास्त धान्याने पोटात आम्ल वाढायची भीती वाटते. तर पहिलारूंना किती किलोपासून सुरुवात करू, किती दिवसांत आणि कुठवर वाढवू? आणि तोवर त्यांचं काड बंद करावं का?